वहिनींच्या रात्री कोण मोजणार?

नानांना, माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला, त्याला आता तीन वर्षं होतील. ते सांगलीत दादा-वहिनींकडे, मी जर्मनीत स्टुटगार्टला. दादाची नोकरी फिरतीची. रात्री दोनदा उठून नानांची कूस बदलायची, डायपर बदलायचं, पाठीला जखम तर होत नाही ना ते बघायचं, हे सगळं वहिनींकडे. ब्युरोतून मावशी मिळतात, पण महिना-दोन महिन्यांत गावी जातात त्या परत येत नाहीत. वहिनी शाळेत शिकवायच्या. गेल्या वर्षी नोकरी सोडली. आमच्यापैकी एकानंही त्यांना ‘सोडू नका’ म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

आपल्याकडे या विषयावरचा वाद मात्र मुलाभोवतीच फिरतो. तो सांभाळतो की नाही? सांभाळत नसेल तर काय शिक्षा? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार आईवडील निर्वाह खर्च मागू शकतात, महिना दहा हजार रुपयांपर्यंत. त्यांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिने कैद होऊ शकते. लातूर जिल्हा परिषदेनं तर आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापायचं ठरवलं. टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांना हा आधार हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण आमच्या घरी नानांना कुणी टाकलेलं नाही. या कायद्यातल्या ‘अपत्य’ या व्याख्येत सून नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात ती आली, तीही जबाबदारी घेणाऱ्यांच्या यादीत. तिच्या कष्टाचं काय, हे तिथंही कुणी विचारलं नाही.

‘तिकडे काय, म्हातारे झाले की वृद्धाश्रमात टाकतात,’ हे वाक्य मी दर सुट्टीत ऐकतो. ते खरं नाही. २०२३ च्या अखेरीस जर्मनीत देखभालीची गरज असलेले ५७ लाख लोक होते आणि त्यांतले ८६ टक्के घरीच राहत होते. बहुतेकांना सांभाळतात ती घरचीच माणसं, त्यातही जास्त करून बायका. म्हणजे रात्रीचं उठणं इथंही चुकलेलं नाही.

आमच्या समोरच्या घरातल्या बाई साठीच्या आहेत. त्यांच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. अशा माणसांच्या सांभाळासाठी पैसे देणारा इथला वेगळा विमा आहे, देखभाल विमा. त्याच्याकडून तपासनीस यायच्या आधी त्यांनी आठवडाभर वही भरली होती: रात्री किती वेळा उठावं लागलं, आंघोळीला किती मदत लागली, आई किती वेळा दाराबाहेर गेली. गरजेच्या पाच श्रेणींपैकी तिसरी मिळाली, म्हणजे २०२५ च्या दरानं महिना ५९९ युरो. त्याहून मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. आठवड्याला किमान दहा तास देखभाल करणाऱ्या नातेवाइकाच्या नावे पेन्शनचा हप्ता विमा भरतो. बाईंनी नोकरीचे तास कमी केले, पण त्यांचं स्वतःचं म्हातारपण त्यामुळे उघडं पडलं नाही. वहिनींचं पडलंय.

इथं सगळं आलबेल नाही. वृद्धनिवासात पहिल्या वर्षी पदरचे महिना सरासरी ३००० युरोंच्या वर जातात, आणि सेवा करायला माणसं नाहीत. म्हणून तर इथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यानं २०२४ मध्ये महाराष्ट्राशी मनुष्यबळाचा करार केला, आणि त्यात रुग्णसेवेची कामंही आहेत. मुलामुलींनी जरूर यावं, मीही आलोच आहे. पण म्हाताऱ्यांना सांभाळणं हे शिकून करायचं, पगाराचं काम आहे, हे आपल्या सरकारनं निर्यातीसाठी मान्य केलंय. घरासाठी कधी करणार?

जर्मनीचा विमा १९९५ पासून पगारातून कापलेल्या वर्गणीवर चालतो. ज्या देशात बहुतेकांना पगाराची पावतीच मिळत नाही, तिथं तो तसाच्या तसा उचलता येणार नाही. आपल्याकडे सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण ते दवाखान्यापुरते. घरी आणल्यावर पुढची तीन वर्षं कुणाच्या हिशेबात? निदान कुणीतरी दारात येऊन वहिनींना विचारावं, रात्री किती वेळा उठता, शेवटची सलग झोप कधी मिळाली.

समोरच्या बाईंचं बघून मी वहिनींना म्हटलं, तुम्हीही आठवडाभर लिहून ठेवा. दादाला दाखवू, खर्चाची नवी वाटणी करू, रात्रीची वेगळी मावशी ठेवू. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यांनी तीन दिवस लिहिलं आणि फोटो पाठवला. पहिल्या रात्री चार वेळा, दुसऱ्या रात्री तीन, तिसऱ्या रात्री पाच. चौथ्या दिवशी लिहायला वेळ झाला नाही, म्हणाल्या.