चार केसांवरून चॅम्पियन कळत नाही: त्या "स्पीड जीन"वाल्या मेसेजला उत्तर

आपल्याकडच्या घोडेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. शास्त्रज्ञांना म्हणे घोड्याचा स्पीड जीन सापडलाय, शिंगराचे चार केस कापून लॅबला पाठवले की हा चॅम्पियन होणार का नाही ते जन्मतःच कळतं, त्यामुळे वंशावळ आणि ट्रेनरची गरज संपली, आणि जीन बदललेले घोडे लवकरच ताशी 100 किलोमीटरने पळणार. पिंपळगाव, सिन्नर, निफाडकडची पोरं पोटाला चिमटा काढून घोडी पाळतात, येवल्याच्या घोडेबाजारात नाहीतर सारंगखेड्याला जाऊन मोठी रक्कम मोजतात. उद्या कोणी एक कागद दाखवून त्यांच्याकडून जास्तीचे पैसे काढू नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी जीनचंच बघू, कारण तो खरंच आहे. 2010 साली डब्लिनच्या विद्यापीठात एमेलिन हिल यांच्या टीमने थरोब्रेड म्हणजे रेससाठीच पैदास केलेल्या जातीच्या घोड्यांमध्ये मायोस्टॅटिन नावाच्या जीनचा अभ्यास मांडला. हा जीन स्नायूंच्या वाढीला ब्रेक लावतो. त्यात एका जागी डीएनएचं सी किंवा टी असं अक्षर असतं आणि प्रत्येक घोड्याला एक आईकडून, एक बापाकडून असे दोन मिळतात. सी-सी असेल तर लहान अंतराची रेस, सी-टी असेल तर मधलं अंतर आणि टी-टी असेल तर लांब पल्ला, असा साधारण कल दिसतो. पण हे कशाबद्दल आहे ते नीट वाचा, हे अंतराबद्दल आहे, दर्जाबद्दल नाही. सी-सी घोडा रेस जिंकणारा पण असतो आणि शेवटून पहिला येणारा पण असतो, दोघांचा रिपोर्ट सेम येणार. शिवाय हा अभ्यास थरोब्रेडवर झालाय, तो उचलून थेट मारवाडी किंवा काठेवाडी शिंगराला लावायचा हे चुकीचंच आहे, आणि रेवाल म्हणजे स्वाराला धक्के न देणाऱ्या चालीची घोडी घ्यायची असेल तर या टेस्टचा काडीचा उपयोग नाही.

"चार केस कापून" हे पण चूक. डीएनए लागतो तो केसाच्या मुळाशी असतो, म्हणून आयाळीतले केस बोटाला गुंडाळून मुळासकट ओढून काढतात, टोकाला तो बारीक पांढरट गोंडा दिसला पाहिजे. कात्रीने कापलेल्या केसावर "रिपोर्ट आला" असं कोणी सांगत असेल तर तिथूनच मागे फिरा.

आता वंशावळ आणि ट्रेनर, इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होणार आहे. 2008 मध्ये विल्सन आणि रॅम्बॉट या दोन संशोधकांनी रेसच्या घोड्यांची आयुष्यभराची कमाई तपासली तर त्या फरकातला जेमतेम 10 टक्के भाग जीन्समुळे निघाला, बाकी सगळं खाणं, ट्रेनिंग, जॉकी, दुखापती, कुठल्या रेसला उतरवला वगैरे. द ग्रीन मंकी नावाच्या घोड्याचं उदाहरण घ्या. रक्त बघाल तर नॉर्दर्न डान्सर आणि सेक्रेटेरियट या दोन गाजलेल्या रेसच्या घोड्यांचं, विक्रीआधी एक फर्लांग म्हणजे जवळपास 200 मीटर 9.8 सेकंदात मारलेला, 2006 साली अमेरिकेत 1 कोटी 60 लाख डॉलरला गेला, आणि पुढे फक्त तीन रेस पळला, त्यातली एकही जिंकला नाही. एवढे पैसे लावणाऱ्यांनी सगळं तपासूनच घेतलं असणार ना. आपण द्राक्षवाले लोक आहोत, एकाच थॉमसनच्या काड्या दोन बागांत लावल्या आणि एकाची छाटणी न् पाणी चुकलं तर माल सारखा येतो का? तसंच आहे हे. शिंगराला लहानपणी मिळालेलं कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण, नालबंदाने खुराचा कोन बरोबर ठेवलाय का, मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस रोज नळीवर, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडावर हात फिरवून गरम लागतंय का बघतो का, घोडा यावर उभा असतो. आणि दीड-दोन वर्षाच्या शिंगराच्या गुडघ्याच्या वरची वाढ अजून पूर्ण झालेली नसते, "रिपोर्ट चांगला आलाय" म्हणून त्याला डांबरी रोडवर पळवलं तर तो कायमचा लंगडा होऊ शकतो, हे मला खरंच पोटतिडकीने सांगायचंय.

100 किलोमीटरचं थोडक्यात. नोंदलेला विक्रम विनिंग ब्रू या घोडीचा, 2008, ताशी 70.76 किलोमीटर, तोही दोनच फर्लांगांवर. सेक्रेटेरियटने 1973 ला अमेरिकेतली बेलमाँटची दीड मैलाची रेस 2 मिनिटं 24 सेकंदात मारली ती वेळ अजून कोणी मोडली नाही, निवड करून करून पन्नास वर्षं झाली तरी. ब्रिटनमध्ये लहान अंतराच्या वेळा सुधारत गेल्याचं दिसलंय हे मान्य, पण ती सुधारणा टक्क्या-दोन टक्क्यांच्या हिशोबातली, 70 वरून 100 म्हणजे चाळीस टक्क्यांची झेप नाही. भरधाव घोडा चारही पाय एकदा टाकून होईपर्यंत एकच श्वास घेतो आणि त्या वेगात साधारण 450-500 किलोचं शरीर एका पायावर येतं, त्या पायावर वजनाच्या दुपटीहून जास्त जोर पडतो. स्नायू वाढवले तरी खालची नळी तीच आहे, तुटणार ती.

बरं, सगळ्यांनी एकाच टेस्टवरून एकाच रक्ताचे घोडे वापरले तर काय होईल? थरोब्रेडमध्ये आधीच बहुतेक सगळ्या नरांची बापाकडची ओळ डार्ली अरेबियन नावाच्या एकाच जुन्या घोड्याला जाऊन मिळते. जवळच्या नात्यातली पैदास वाढली की शिंगरू रेसपर्यंत पोचायची शक्यताच कमी होते असं हिल यांच्याच टीमने नंतर दाखवलंय. स्पीड जीनवाल्यांनीच हे सांगितलंय, मेसेजमध्ये मात्र ते नाही.

राहिला जीन बदललेला घोडा. अर्जेंटिनात 2024 मध्ये मायोस्टॅटिन बदललेली पाच शिंगरं जन्मली, हे खरं. पण ती पोलोसाठीची, एका नावाजलेल्या घोडीची क्लोन म्हणजे तिच्याच डीएनएची नक्कल, आणि तिथल्या पोलो संघटनेनेच त्यांना खेळायला नकार दिलाय. थरोब्रेडच्या रेसमध्ये तर नियम आणखी कडक, कृत्रिम रेतनाने झालेलं शिंगरूसुद्धा स्टड बुकात म्हणजे जातीच्या अधिकृत नोंदवहीत नोंदवून घेत नाहीत, नर-मादीचा प्रत्यक्ष संयोगच लागतो. नोंद नाही म्हणजे महालक्ष्मीच्या ट्रॅकवर पाय ठेवता येत नाही. कोणी तुम्हाला "एडिट केलेल्या रक्ताचं" सांगून शिंगरू दाखवत असेल तर त्याच्याकडे नोंदणीचा कागद आणि आई-बापाचा डीएनए रिपोर्ट मागा, डीएनएचा खरा उपयोग आपल्यासाठी तोच आहे, शिंगरू सांगितलेल्याच घोडीचं आणि सांगितलेल्याच घोड्याचं आहे का ते कळतं.