‘दोन दिवसांचं काम बारा दिवस’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या ऑफिसची सगळी मेल जपून ठेवणारा सर्व्हर आम्ही बसवून दिला, त्यावरचा तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. एक स्टार, आणि खाली तीन वाक्यं: दोन दिवसांचं काम बारा दिवस लांबवलं, फुकटातल्या सॉफ्टवेअरचे अडतीस हजार घेतले, आणि एवढं करून मेल शोधली तर सापडत नाही. तुम्हाला ऑडिटच्या तोंडावर त्रास झाला, त्यात पहिल्या शनिवारी माझा फोन लागला नाही, याबद्दल मनापासून माफी मागतो. फोनचं कारण सांगत बसत नाही. उचलायला हवा होता.

पण ‘लांबवलं’ हा शब्द लागला, सर. मी आणि माझ्याकडची दोन मुलं, एवढंच आमचं दुकान आहे. उद्या कोल्हापुरातला एखादा कारखानदार आमचं नाव शोधेल आणि आधी हेच वाक्य वाचेल. म्हणून त्या बारा दिवसांचा हिशेब इथं लिहितो.

सोमवारी सकाळी तुमच्या ऑफिसात मशीन लावलं. त्यावर पायलर, म्हणजे मेल साठवून ठेवणारं आणि शोधून देणारं सॉफ्टवेअर, बसवलं, डेटाबेस आणि शोधाचं इंजिन जोडलं, मंगळवारी तुमच्या मेल सेवेत नियम लावला की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत आर्काइव्हला, म्हणजे या साठ्याला, जावी. फायरवॉलमध्ये फक्त त्या सेवेचे पत्ते उघडे ठेवले, नाहीतर जगभरचा स्पॅम तुमच्या साठ्यात शिरला असता. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला तुमच्यासमोर पहिली मेल साठ्यात पडली, तुम्ही चहा मागवलात. मी जे दोन दिवस सांगितले होते ते हे. सर्व्हर दोन दिवसांत उभा होता.

पुढचे दहा दिवस गेले ते जुन्या मेलला. तुमच्या बारा खात्यांपैकी अकरा खाती शुक्रवारपर्यंत उतरली. राहिलं तुमचं स्वतःचं, तेही बुधवारीच सुरू केलं होतं. कामाआधी मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही ‘पाच-सहा जीबी असेल’ म्हणालात. उघडून पाहिलं तर २१ जीबी. तुमची मेल ज्या कंपनीकडे आहे तिथं एका खात्यातून आयमॅपनं, म्हणजे मेल दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्यायच्या नेहमीच्या पद्धतीनं, दिवसाला २५०० एमबीच उतरवता येतात. भागाकार केला की नऊ दिवस होतात. ही मर्यादा मी घातलेली नाही आणि ती मोडली की खातं काही तास अडकू शकतं. म्हणजे ऐन कामात तुमची मेल बंद पडली असती. तो धोका मी घेतला नाही, आजही घेणार नाही.

जवळचा रस्ता एक होता. सगळी मेल एका फाईलमध्ये एकदम उतरवून घेऊन ती फाईल सर्व्हरमध्ये भरायची. त्यासाठी तुमचं लॉगिन हवं होतं आणि ओटीपी तुमच्या फोनवर येत होता. तुम्ही परगावी होता. बुधवारी दोनदा आणि गुरुवारी एकदा फोन केला. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही स्वतः म्हणालात, “राहू दे हो, चालू आहे तसंच चालू दे.” पासवर्ड न देणं हा तुमचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्याच होकारानं जे सावकाश चाललं, ते ‘लांबवलं’ कसं होईल?

आणखी एक दिवस गेला तो दुसऱ्या सोमवारी रात्री. तुमच्या वॉचमननं जुन्या सवयीनं ऑफिसचा मेन स्विच बंद केला. यूपीएसनं वीसएक मिनिटं तग धरला, मग मशीन पडलं. फोल्डर मधेच तुटलं की ते पहिल्यापासून घ्यावं लागतं. तीच मेल दुसऱ्यांदा आली तर सॉफ्टवेअर ओळखतं आणि साठ्यात दुबार ठेवत नाही, पण उतरवलेले एमबी त्या दिवसाच्या मोजणीत जातातच. वॉचमनची चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही स्विचवर चिठ्ठी चिकटवली नव्हती, हे मान्य करतो.

दोन अधिक नऊ अधिक एक, बारा. रोज सकाळी आमचा मुलगा आदल्या दिवशी किती उतरलं ते पाहून तुमच्या अकाउंटंट मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा टाकायचा. ते मेसेज आहेत. त्या दहा दिवसांचा एक रुपयाही जास्तीचा लावलेला नाही.

आता ‘मेल सापडत नाही’ याबद्दल. यात दोन गोष्टी झाल्या असं मला वाटतं. तुम्ही अ‍ॅडमिन खात्यानं लॉगिन केलंत. पायलरमध्ये अ‍ॅडमिन फक्त सेटिंग बघतो, त्याला कुणाची मेल वाचता येत नाही. सगळ्यांची मेल ऑडिटर खात्याला दिसते आणि साध्या कर्मचाऱ्याला फक्त स्वतःची. मुद्दाम तशी रचना आहे, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसानं, म्हणजे मीसुद्धा, त्या खात्यातून तुमच्या व्यवहारात डोकावू नये. दुसरं, तुम्ही स्वतःलाच एक मेल पाठवून पाच मिनिटांत शोधलीत. मेल साठ्यात तेव्हाच जाते, पण आपण लावलेल्या पद्धतीत शोधाची यादी दर अर्ध्या तासानं ताजी होते. चहा पिऊन बघितलं असतंत तर दिसली असती. हे मी दोन ओळींत लिहून द्यायला हवं होतं. ते माझं चुकलं.

पैशाबद्दल थोडंच बोलतो. पायलर मुक्त आहे, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली कुणीही उतरवून घेऊ शकतो, आणि हे कोटेशनच्या पहिल्या ओळीत मीच लिहिलं होतं. अडतीस हजारांतले निम्म्याच्या आसपास दोन डिस्क आणि यूपीएसला गेले, दुकानाची बिलं तुमच्या फाईलला आहेत. उरलेले आमच्या हातांचे. एक उदाहरण सांगतो. या सॉफ्टवेअरमध्ये मेल जपायची मुदत मुळात २५५७ दिवस असते, म्हणजे सात वर्षं. तुमच्या सीएंनी आठ सांगितली होती, कारण कंपनी कायदा, २०१३च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. ही मुदत मेल आत शिरतानाच तिच्यावर लिहिली जाते. जुनी मेल भरण्याआधी आम्ही ती ३२८७ दिवस केली, नऊ वर्षं, म्हणजे आर्थिक वर्षाचं मागेपुढे झालं तरी अडचण नको. सगळं तसंच भरून टाकलं असतं तर तुम्हाला आज काहीच कळलं नसतं. सातव्या वर्षानंतर कळलं असतं.

तुम्ही हा सर्व्हर का बसवून घेतलात ते मला ठाऊक आहे, ती आतली गोष्ट इथं लिहीत नाही. पण ज्या जुन्या मेलसाठी तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात, ती त्याच २१ जीबीत होती आणि शेवटच्या शुक्रवारी दुपारी तुमच्या मॅडमनी ती माझ्यासमोर उघडली. बाजूला ती बदललेली नसल्याची खूणही होती.

यापुढे कोटेशनमध्ये नवीन मेल आणि जुनी मेल यांचे दिवस वेगळे लिहू, खात्यांचा आकार आधी स्वतः मोजू, शिकवण्यासाठीही थोडा जास्त वेळ देऊ. शनिवारच्या फोनचंही काहीतरी बघतो.

स्टार बदला असं म्हणत नाही. फक्त एक काम राहिलंय, ते होऊ द्या. तुमचा सगळा साठा कूटबद्ध आहे आणि तो उघडणारी किल्ली म्हणजे एक लहानशी फाईल. मशीन जळलं आणि ती फाईल हाताशी नसली, तर डिस्कचा बॅकअप असूनही एक मेल वाचता येणार नाही. एक प्रत तुमच्या तिजोरीत दिली आहे. दुसरी पेनड्राइव्हवर सीलबंद पाकिटात माझ्याकडे आहे, ती तुमच्या घरी ठेवायची ठरली होती. रिव्ह्यूनंतर तुम्ही फोन घेत नाही, म्हणून इथंच लिहितो. माणूस पाठवा, नाहीतर वेळ सांगा, मी स्वतः आणून देतो. ऑडिटर खात्यानं कसं शोधायचं तेही तेव्हाच बसून दाखवतो, त्याचे पैसे नकोत.