पेडल आहे म्हणून सायकल? मग लुना काय होती?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, सोसायटीचा, शाळेच्या बॅचचा, सायकलवाल्यांचा आणि सासुरवाडीचा. मजकूर थोडक्यात असा: "२५० वॅटच्या ई-बाइकला लायसन्स नको, नंबर प्लेट नको, इन्शुरन्स नको, कायद्याने ती सायकलच. स्पीड लिमिट काढून ताशी ४५ ने पळवली तरी कोणी काही करू शकत नाही कारण पेडल आहे. रेसिंग सायकलवाले साठने जातात त्यांना कोण विचारतं? फॉरेनला तर खुली सूट. हेल्मेट घाला आणि बिनधास्त पळवा." खाली हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातंय.

"२५० वॅट आहे म्हणजे सायकल." नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम २(यू) मध्ये, जी सवलत आहे तिला बऱ्याच अटी आहेत. मोटर सलग तीस मिनिटं देऊ शकते ती पॉवर ०.२५ किलोवॅटच्या, म्हणजे २५० वॅटच्या आत, कमाल स्पीड ताशी २५ किमीच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या वर नको, धड ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. पेडल असिस्टवाली, म्हणजे पेडल मारताना मोटर मदत करते ती, असेल तर २५ ला पोचेपर्यंत मोटरचा जोर कमी कमी होत बंद झाला पाहिजे, आणि पाय थांबले तर त्याच्या आधीच. हे सगळं एकदम लागतं, त्यातलं आपल्या सोयीचं एक उचलायचं असं नाही, आणि ते तपासून मान्यता देणार कोण तर नियमात नेमलेली टेस्टिंग एजन्सी, म्हणजे आपल्या पुण्यात वाहनं तपासणारी एआरएआय आहे ना, तशी. दुकानदाराने फ्रेमवर चिकटवलेला '२५० वॅट'चा स्टिकर नाही.

आणि त्या स्टिकरचाच जरा हिशोब करून बघा. सपाट रस्त्यावर ताठ बसून २५ ने जायला साधारण दीडशे-पावणेदोनशे वॅट पुरतात. हवा जसजशी आडवी येते तशी लागणारी ताकद स्पीडच्या घनाच्या हिशोबाने वाढते, त्यामुळे त्याच माणसाला तसंच बसून ४५ ने जायचं तर सातशे-आठशे वॅटच्या आसपास लागतात. म्हणजे पेडल न मारता, सपाटीवर, तुमची गाडी ४५ काढत असेल तर ती २५० वॅटची नाहीच, स्टिकरवर काहीही छापलेलं असो. मेसेज लिहिणाऱ्याने एकाच परिच्छेदात स्वतःलाच खोटं पाडलंय, असो.

"लिमिट काढली तरी पेडल आहे म्हणून सायकलच." इथे मला लुना आठवली. १९७२ सालापासून आपल्याकडे लुना होती, तिला पेडल होतं, आमचे मास्तर चढावर पेट्रोल संपलं की पेडल मारत यायचे, आणि तरी तिला नंबर प्लेट होती, लायसन्स लागायचं. पेडल असल्यामुळे वाहन सायकल होत नाही. तुमच्या ई-बाइकला सूट मिळाली ती कमी पॉवर आणि कमी स्पीडमुळे, आणि लिमिट काढली त्या क्षणी तुम्ही ती सूट स्वतःच्या हाताने परत केलीत. त्यानंतर ते मोटार वाहन. रजिस्ट्रेशन नाही, दंड. लायसन्स नाही, पाच हजारांपर्यंत. इन्शुरन्स नाही, आणखी दोन हजार. हे कागदावरच राहतं असं वाटत असेल तर २०२२ साली महाराष्ट्रात परिवहन खात्याने स्पीड वाढवलेल्या ई-बाइक पकडायची मोहीमच काढली होती.

दंडाचं सोडा, तो भरून मोकळं होता येतं. कोणाला धडक बसली आणि माणूस कायमचा जायबंदी झाला तर भरपाईचा दावा मोटार अपघातांच्या ट्रिब्युनलसमोर जातो, आणि तिथे पैसे द्यायला इन्शुरन्स कंपनी नसेल तर मालकाच्या खिशातून जातात. गाडी सोळा वर्षांच्या पोराच्या हातात असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ए प्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. "लायसन्स नको म्हणून मुलाला क्लासला जायला घेतली" म्हणणारे आईबाप आमच्याच सोसायटीत तीन आहेत. गाडी नियमात बसणारी असेल तर खुशाल द्या, लायसन्स खरंच लागत नाही. लिमिट काढलेली असेल तर ही वेगळीच गोष्ट झाली.

"रेसिंगवाले साठने जातात." हा मुद्दा माझ्या वर्मी लागणारा आहे कारण मी त्यातलाच. हो, जातो आम्ही. बोपदेव घाटात सासवडकडून कोंढव्याच्या बाजूला उतरताना पन्नास सहज लागतो. तीन वर्षांपूर्वी तसाच उतरत होतो, पहाटेची वेळ, एका वळणावर डंपरमधून सांडलेली खडी होती, मला ती दिसली तेव्हा वीसेक मीटरवर असेल, ब्रेक दाबेपर्यंत पुढचं चाक खडीवर गेलेलं होतं. कॉलरबोन मोडलं, डाव्या मांडीची साल निघाली, आणि सायकलचा स्पीडमीटर खाली पडूनसुद्धा शेवटचा आकडा दाखवत होता, ४८. तेव्हा साठने जाण्याला कोणी विचारत नाही हे चूक, रस्ता विचारतो.

गणित असं की आपल्याला काहीतरी दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. २५ ला तेवढ्यात दहा मीटर जातात, ४५ ला जवळपास एकोणीस. मग ब्रेक लागल्यावर, बरे ब्रेक धरून, २५ वरून थांबायला सहा मीटर आणि ४५ वरून साडेएकोणीस. एकूण सोळा विरुद्ध अडतीस. स्पीड दुप्पटसुद्धा झाला नाही पण धडकेचा जोर सव्वातीनपट होतो. आणि सायकलवर पुढचा ब्रेक जास्त जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो, त्यामुळे अजून जोरात दाबतो हा उपाय नाही.

शिवाय आम्ही दोन मिनिटं उतारावर असतो, दोन्ही हात ब्रेकवर, नजर रस्त्यावर. ही लिमिट काढलेली मंडळी सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता, रिक्षा आणि पाणीपुरीच्या गाड्यांमधून, आवाज न करता. समोरची आजी सायकल बघते आणि सायकलच्या हिशोबाने रस्ता ओलांडते. तिची चूक काय?

साध्या सायकलला कायदाच नाही हेही खोटं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे कुठलंही वाहन हाकणाऱ्याला लागतं, त्यात मोटरची अट नाही.

"फॉरेनला खुली सूट." युरोपात आकडे आपलेच आहेत, २५० वॅट, २५ किमी. ४५ वाली सायकल तिथे मोपेड धरतात, नेदरलँड्समध्ये २०१७ पासून तिला मोपेडचे नियम आहेत, प्लेटसकट. चीनमध्ये सुद्धा २५. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ताशी २८ मैलांपर्यंतचा, म्हणजे ४५ किमीचा वर्ग आहे हे मान्य, पण तोही पेडल मारल्यावरच, थ्रॉटलवर, म्हणजे नुसती मूठ पिळून, नाही.

"हेल्मेट घाला आणि बिनधास्त." हेल्मेट घालाच, माझं त्या दिवशी दोन तुकडे झालं म्हणून मी हे टाइप करतोय. पण युरोपियन ईएन १०७८ मानकात सायकलचं हेल्मेट सपाट पृष्ठभागावर ताशी साधारण साडेएकोणीस किमी वेगाने आपटून तपासतात, दीड मीटरवरून डोकं खाली आलं तर होतो तेवढा वेग. नुसते आडवे पडलात तर ते कामाला येतं. समोर दुभाजक किंवा उभा टेम्पो असेल तर ४५ ची धडक म्हणजे आठ मीटरवरून, दुसऱ्या मजल्याच्याही वरून, खाली येणं.

आता आमच्या सोसायटीतल्या मुलाची गोष्ट. त्याची ई-सायकल मी मागच्या रविवारी हातात घेतली, फोनच्या जीपीएसवर ४३ गेली. पुढचा ब्रेक दाबला तर दांडी मुठीला टेकली, पॅड पार संपलेले. त्याला घेऊनच दुकानात गेलो. मेकॅनिक खूश, म्हणाला, "काका, तुमची पण मोकळी करून देतो, एक वायर सोडवायची, दोनशे रुपये फक्त. शंभर टक्के लीगल." मी म्हटलं करा, फक्त बिलावर तेवढं लिहून द्या, स्पीड लिमिट काढून दिली म्हणून, खाली दुकानाचा शिक्का.

तो हसला, फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "बिलावर नाही देता येणार ना काका."