मीटरच्या आतल्या बाजूला

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घरातले कूलर दोनाचे चार होतात आणि जळगाव-भुसावळकडे विजेचा वाद पेटतो. व्होल्टेज का पडतं? स्मार्ट मीटर जास्त पळतं का? इंग्लंडात बसून हे ऐकताना एकच खटकतं: सगळं भांडण मीटरपर्यंतचं. मीटरनंतरची वायर आपली, म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

इंग्लंडात भाड्याच्या घरांचं वायरिंग दर ५ वर्षांनी तपासून घ्यायचा नियम २०२० साली आला. मालक स्वतः राहतो त्या घराला मात्र ही सक्ती नाही, तेव्हा फार कौतुक नको. घेण्यासारखा आहे तो इथल्या वायरिंगच्या नियमांतला एक तक्ता. पीव्हीसी वायरची क्षमता ३०° हवेला धरलेली असते. ४५° ला ती ०.७९ ने गुणायची, ५०° ला ०.७१ ने. इथल्या गारठ्यात तो क्वचितच लागतो. भुसावळात पत्र्याखालून गेलेल्या वायरला मात्र तो मे महिनाभर लागतो. २० अँपिअरची वायर तिथे १४ चीच उरते.

त्यात धाब्याच्या घरातली लाकडी पट्टीवरची, दिव्या-पंख्यापुरती ओढलेली १ चौरस मिमी वायर, आणि तिच्यावरच दीड टनी एसी. १६०० वॅटला २३० व्होल्टवर ७ अँपिअर लागतात. व्होल्टेज १७० वर आलं की साडेनऊच्या आसपास. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून वायर तापते ती पावणेदोन पटीहून थोडी जास्तच. आधी सांधा जातो: अॅल्युमिनियमला तांबं पिळलेलं, वरची चिकटपट्टी तपकिरी आणि कडक. मग फ्यूज उडतो. पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग भरणारा ओळखीतला 'वायरमन' तांब्याची जाड तार बांधून देतो. आता फ्यूज शाबूत राहतो, वायर जळते.

याहून वाईट म्हणजे अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल (परतीची तार) अर्थच्या पिनेला जोडणं. मागे कुठे न्यूट्रल तुटला की कूलरच्या पत्र्यात करंट उतरलाच.

एसीला मेन बोर्डापासून वेगळी ४ चौरस मिमी तांब्याची लाइन आणि २० अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवी; पाइपातून नेलेली ही वायर ५०° लाही तेवढं सोसते. अर्थिंग नीट करून घराला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, बसवावा. जुन्या वायरचं इन्सुलेशन मेगरने (ते मोजायच्या यंत्राने) ५०० व्होल्टवर तपासावं. १ मेगओहमच्या खाली आलं तर ती वायर काढायचीच. लोड वाढवून मागणाऱ्याकडून या तपासणीचा कागद घ्या, अशी मागणी वीज कंपनीकडे खरं तर आपणच करायला हवी.

तोवर कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, पिन काढा. हौशी वायरिंगमध्ये बटण पुष्कळदा न्यूट्रलवर असतं. पंखा थांबतो, फेज (करंट आणणारी तार) आत जिवंतच असतो.