सीना नदीच्या पुराचं पाणी ओसरलं, पुढे काय?

"प्रार्थनेने काय होतं?" असं विचारणाऱ्यांतला मी नाही. परांडा, भूम, माढा हा सगळा धाराशिव-सोलापूरचा पट्टा पावसासाठी धोंडी काढणारा, महादेव पाण्यात कोंडणारा. यंदा तिथेच नवरात्राच्या तोंडावर पूर आला आणि लोक छपरावर बसून "आता थांब रे बाबा" म्हणत होते. परांडा तालुक्यात माणसं काढायला लष्कराचं हेलिकॉप्टर आणावं लागलं. अशा वेळी देवाचं नाव घ्यायचं नाही तर कुणाचं?

मला खुपतं ते हे की आपला कळवळा पाण्याबरोबर ओसरतो. पाणी होतं तोवर टेम्पो भरून मदतीची किट गेली, जुन्या साड्यांचे ढीग गेले. आता दिवाळी आली आणि आपण फराळाच्या ऑर्डरीला लागलो.

तिकडे खरं नुकसान आत्ता दिसायला लागलंय. माढ्याकडच्या आमच्या पाहुण्यांच्या रानात गेलो तर बांधच सापडेना. वरची काळी माती गेली, खाली नुसता मुरूम उघडा पडलाय. ठिबकच्या नळ्यांचा गुंता बाभळीला लटकलाय, विहीर गाळानं भरलीय, मोटार आतच. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब आलेत. मामी म्हणाल्या, "भांडी घासून घेऊ, पण माती कुठनं आणायची?" घटाला रानातली माती लागते, यंदा तीही शेजारच्या गावातून आणली.

सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंत रोजगार हमीतून. ते वेळेत हातात पडो, हीसुद्धा प्रार्थनाच समजा. पण जमिनीची मदत हेक्टरात मोजतात. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचं काय? सोयाबीन काढणीच्या मजुरीवर ज्यांची दिवाळी होते, त्यांची काढणीच गेली. पंचनाम्यात पीक लिहितात, बुडालेली मजुरी कोण लिहिणार? ही माणसं आता मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीला जातील, मागच्या उचलीवर नवी चढेल. पोरांची शाळा सुटेल ती वेगळीच. त्यांच्यासाठी हात जोडलेले मला तरी फारसे दिसले नाहीत.

तेव्हा एक करा. कपडे पाठवू नका, खरंच पुरे झाले. त्या भागात ओळखीचं कुणी असेल तर फोन लावून विचारा, कशाची अडचण आहे. उत्तर बहुतेक अगदी साधं असेल: ज्वारीचं बियाणं, एक ट्रॉली कडबा, विहिरीची मोटार दुरुस्त करून घ्यायचे पैसे, पोराच्या वह्या आणि एसटीचा पास. मजुराच्या घरी किराण्याची उधारी परस्पर दुकानदाराकडे भरता येते, त्यात त्या माणसाला कुणापुढे उभंही राहावं लागत नाही. आणि हाच फोन संक्रांतीला पुन्हा लावा, मग पुढच्या मृगाच्या आधी एकदा.