गाजर गवतावरच्या भुंग्याला उगाच बदनाम करताय

पाऊस पडला आणि तो मेसेज परत फिरायला लागला, की अमेरिकेने गुपचूप सोडलेला मेक्सिकन भुंगा सूर्यफूल, सोयाबीन सगळं फस्त करतोय, चावला तर अंगाला खाज सुटते, दिसला की फवारा मारा. खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या भुंग्याचा फोटो.

आधी फोटोचंच बघू. तो कोलोरॅडो बटाटा भुंगा आहे भाऊ, आपल्या देशात नाहीच तो. भावकी एकच, दोघंही पानं खाणारे, पण आपल्या बांधावर गाजर गवत खाताना दिसतो तो झायगोग्रामा नावाचा भुंगा, जेमतेम अर्धा-पाऊण सेंटीमीटर, पाठ मळकट पांढरी आणि तिच्यावर तपकिरी वेड्यावाकड्या उभ्या रेघा.

गुपचूप वगैरे काही नाही. गाजर गवत मुळात मेक्सिकोकडचं, आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात उकिरड्यांवर दिसल्याची नोंद आहे, आणि इथे त्याला खाणारं कोणी नव्हतं म्हणून ते एवढं माजलं. मग त्याच्या माहेरचाच शत्रू शोधून १९८३ ला आपल्याच शास्त्रज्ञांनी बंगळुरूला आणला, ४० प्रकारच्या झाडांवर ठेवून काय खातो ते तपासलं आणि १९८४ ला सोडला. ऑस्ट्रेलियाने तर १९८० लाच नेला होता.

आता सूर्यफूल. इथे मेसेजवाला अगदीच हवेत बोलत नाहीये, हे मान्य करायला पाहिजे. १९९० नंतर कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर हे भुंगे खरंच सापडले, पानं कुरतडलेली दिसली, बोंबाबोंब झाली, सरकारने समिती नेमली आणि काही वर्षं भुंगे सोडणंच बंद ठेवलं. तपासात जे निघालं ते भारी आहे. भुंगा हे आपलं खाणं आहे की नाही ते गवतातल्या पार्थेनिन नावाच्या कडू रसायनावरून ओळखतो, आणि सूर्यफुलाच्या शेताला गाजर गवताने वेढलेलं असेल तर त्याचे पराग उडून सूर्यफुलाच्या पानावर बसतात, त्यात तेच पार्थेनिन, मग भुंग्याला वाटतं हेच आपलं ताट. त्यात आजूबाजूचं गवत खाऊन संपलेलं आणि हजारो भुंगे उपाशी. म्हणजे चूक कोणाची, तर बांधावर गवत माजू देणाऱ्याची! समितीनेही तो सूर्यफुलाची कीड नाही असंच म्हटलं आणि नंतर सोडणं परत सुरू झालं.

सोयाबीनचं तर सोप्पं आहे. तिथे जो भुंगा नुकसान करतो तो चक्रीभुंगा, खोडाला दोन गोल खाचा पाडतो, वरचा शेंडा वाळतो. त्याचं आणि ह्याचं काहीच नातं नाही, नावात भुंगा आहे एवढंच.

खाज भुंग्याने येत नाही, ह्याला नांगी नाही की काही नाही. खाज येते गवताने. उघड्या हाताने उपटलं की हात, मान, डोळ्यांखालचं लाल होतं आणि त्याच झाडावर भुंगा बसलेला दिसला की बिल त्याच्या नावावर. हातमोजे घाला, फुलावर यायच्या आधी उपटा.

आता उलट्या बाजूने जे सांगतात ना, भुंगे सोडा आणि गवत विसरा, तेही खरं नाही. पावसाळ्यात तो जबरदस्त काम करतो, मादी पानांवर अंडी घालते, चार-पाच दिवसांत अळ्या निघतात आणि आधी कोवळे शेंडे आणि कळ्या खातात, मग जमिनीत कोष. पण पाऊस सरला की बरेचसे मोठे भुंगे मातीत शिरून झोपतात ते थेट मे-जूनच्या सरीला उठतात, आणि गवताला अशी सुट्टी नसते, ते कालव्याच्या ओलीवर हिवाळ्यातही उगवतं. एका झाडाला १०-१५ हजार बी सहज, मातीत वर्षानुवर्षं टिकणारं. म्हणून सोबत पडीक जागेत तरोट्याचं बी फेका, तो दाट उगवून गवताला जागाच देत नाही. आणि ज्या गवतावर भुंगे बसलेत त्यावर तरी फवारा मारू नका राव, फुकटचा मजूर मारताय.