अर्धा इंच की एक इंच? गोल्फ क्लबच्या (चेंडू मारायच्या काठीच्या) शाफ्टबद्दल, म्हणजे दांड्याबद्दल, आलेल्या दोन स्टारच्या अभिप्रायाला साताऱ्यातल्या आमच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

अभिप्राय वाचला, फोटोही नीट बघितले. तुमची तक्रार थोडक्यात अशी. तुमची उंची ५ फूट ३ इंच. नेटवरच्या तक्त्यात या उंचीला एक इंच कमी करा असं लिहिलंय, तरी आम्ही आयर्नचे, म्हणजे धातूच्या पात्यासारख्या डोक्याच्या क्लबचे, शाफ्ट अर्धाच इंच कापले. उरलेला अर्धा इंच तुम्ही नंतर दुसरीकडे कापून घेतला आणि जाड ग्रिप (मुठी) बसवून घेतल्या. आता चेंडू उजवीकडे जातो आणि क्लब ‘उसाच्या वाढ्यासारखा’ हलका लागतो. ड्रायव्हरला (सर्वांत लांब क्लबला) आम्ही हातच लावला नाही. वजनासाठी हेडला (क्लबच्या डोक्याला) लावलेल्या शिशाच्या पट्टीचे पैसे वेगळे लावले. आणि काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला लेडीज सेट दाखवला.

शेवटच्या दोन गोष्टींत चूक आमची. पट्टीचा खर्च कापायच्या आधी सांगायला हवा होता; ते पैसे परत देतो. लेडीज सेट दाखवणंही चुकलंच, आणि ते फक्त मान-अपमानापुरतं नाही. त्या सेटचे शाफ्ट मऊ फ्लेक्सचे (जास्त लवणारे) आणि वजनाने हलके असतात. तुमच्या स्विंगचा जोर बघता ते तुमच्या कामाचे नव्हते. उंची बघून सेट काढून दाखवायचा नाही, हे आता दुकानात सांगून ठेवलंय.

लांबीचं मात्र आम्ही केलं ते बरोबर होतं, आणि का ते सविस्तर सांगतो.

क्लबची लांबी डोक्यापर्यंतच्या उंचीवर ठरत नाही. हात जमिनीपासून किती वर लोंबतात, त्यावर ठरते. म्हणून आम्ही मनगट ते जमीन हे माप घेतो: खेळायचे बूट पायात, ताठ उभं राहायचं, नजर समोर, हात सैल, आणि तळहात संपतो तिथल्या घडीपासून फरशीपर्यंत टेप. दोन्ही हातांचं, कारण बऱ्याच जणांचा एक खांदा खाली असतो. टेपकडे बघायला मान खाली घातली की खांदा उतरतो आणि माप कमी येतं. घरी स्वतःचं स्वतः मोजणाऱ्यांचं हमखास इथंच चुकतं. तुमचं माप भरलं साडेबत्तीस इंच. या उंचीच्या मानाने ते जास्त आहे, म्हणजे तुमचे हात आखूड आहेत. याच उंचीचा पण लांब हातांचा माणूस आला असता तर एकतीसच्या आसपास भरला असता, आणि त्याला आम्हीच पाऊण-एक इंच कापून दिला असता. नुसत्या उंचीच्या तक्त्याला या दोघांतला फरक कळत नाही.

त्या तक्त्यातली आणखी एक मेख म्हणजे ‘स्टँडर्ड’. एक इंच कमी म्हणजे कशापेक्षा कमी? ग्रॅफाइट शाफ्टचा ७ नंबर आयर्न साधारण साडेसदतीस इंचाचा येतो, स्टीलचा सदतीसचा. कंपनीगणिक यातही सूत-दोन सूत इकडेतिकडे. तुमचा सेट स्टीलचा, ७ नंबर बरोबर ३७ इंच होता. आम्ही तो साडेछत्तीस केला. आता तो ३६ आहे. बाजारातल्या लेडीज सेटमधला ७ नंबर साधारण याच लांबीचा असतो. राग मानू नका, पण जो सेट बघून तुम्ही चिडलात त्याच लांबीवर तुमचा सेट आता येऊन थांबलाय.

आता चेंडू उजवीकडे का जातो ते. क्लब खेळायच्या स्थितीत टेकवल्यावर शाफ्ट आणि जमीन यांच्यात होणारा कोन म्हणजे लाय. ७ नंबरला तो ६२-६३ अंश असतो. बुटक्या माणसाचे हात खाली असतात, त्यामुळे मापाबाहेर लांब क्लब धरला की पुढचं टोक, म्हणजे टो, वर उचलला जातो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे निघतो. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा हेच होत होतं. शाफ्ट अर्धा इंच कापला आणि हात तेवढ्याच उंचीवर राहिले, की क्लब सुमारे एक अंश फ्लॅट (कमी कोनाचा, आडवा) केल्यासारखा वागतो. एवढ्याने टो पूर्ण खाली बसेना, म्हणून आम्ही हेड मशिनवर धरून आणखी एक अंश फ्लॅट केलं. लाय बोर्डवर (लाय तपासायच्या फळीवर) क्लबच्या तळाला टेप लावून मारायला दिलं, तेव्हा घासल्याची खूण तळाच्या मधोमध आली होती.

त्यानंतर दुसऱ्यांदा अर्धा इंच गेला. म्हणजे आणखी अंदाजे एक अंश फ्लॅट, आणि लाय कुणी परत तपासली नाही. आता टो आधी जमिनीत घुसतो, हील (शाफ्टकडचं टोक) हवेत राहते, फेस (चेंडूला लागणारी बाजू) उजवीकडे बघतो. तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या फोटोत हे दिसतंय: ७ नंबरचा तळ टोच्या बाजूला घासून चकाकतोय, आणि हीलकडे कंपनीचा रंगसुद्धा शाबूत आहे. एका अंशाला ७ नंबरवर तीन-चार यार्डांचा फरक पडतो. वेजवर (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबवर) जास्त, कारण लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, जास्त.

खात्री घरीच करता येईल. चेंडूवर पांढऱ्या बोर्डच्या मार्करने जाड उभी रेघ ओढा, रेघ फेसच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. फेसवर रेघ उमटते. सरळ उभी उमटली तर लाय बरोबर. वरचं टोक हीलकडे झुकलं तर क्लब जास्त फ्लॅट, टोच्या बाजूला झुकलं तर जास्त उभा. एका फटक्यावर जाऊ नका, पाच-सहा मारा. आणि चेंडू निघतानाच उजवीकडे निघून सरळ जातो, की सरळ निघून मग वळतो, तेही बघा. मोठं वळण घेत असेल तर ते फेस उघडा राहिल्याने. त्याला लाय वाकवून उपयोग नाही.

हलकेपणाचा हिशेब तर कागदावर मांडता येतो. तुमचा ७ नंबर स्विंगवेटच्या (फिरवताना हेड किती जड लागतं त्या मापाच्या) काट्यावर डी-१ होता; या मापात सी-९ नंतर डी-० येतं. अर्धा इंच कापला की तीन पॉइंट उतरतात, म्हणजे सी-८. हेडला २ ग्रॅम लावले की एक पॉइंट चढतो. आम्ही हेडच्या मागे ४ ग्रॅम शिशाची पट्टी लावून तो डी-० वर आणला. अर्धा इंच रुंदीची चार इंच पट्टी म्हणजे साधारण २ ग्रॅम, अशा दोन. पैसे लागले ते याचे. पुढचा अर्धा इंच गेल्यावर तो सी-७ झाला. त्यावर फोटोत दिसते तशी जाड ग्रिप. साधी ग्रिप ५० ग्रॅमची, ही ६० च्या पुढची असणार, आणि ग्रिपमध्ये वाढलेले दर ४-५ ग्रॅम काट्यावर एक पॉइंट खातात. क्लबचं एकूण वजन वाढतं, पण हेड हाताला जाणवत नाही. आता तो सी-५ च्या आसपास असेल. हेड जाणवलं नाही की माणूस क्लब वरून खाली आणताना घाई करतो, आणि दोष क्लबला देतो. इथं तो क्लबचाच आहे.

ड्रायव्हर मुद्दाम ठेवला होता. तो साडेपंचेचाळीस इंच आहे आणि तुम्हाला लांबच आहे, हे मान्य. पण तिथे एक इंच म्हणजे सहा पॉइंट, म्हणजे हेडमध्ये १२ ग्रॅम. त्यासाठी तळाचा स्क्रू-वेट बदलावा लागतो आणि तो त्याच कंपनीचा मागवावा लागतो. शिवाय कापलेलं परत येत नाही. म्हणून ग्रिपवर वरून एक इंचावर टेपची खूण करून दिली होती: दोन आठवडे तिथूनच धरा. फेसवर पायाची पावडर मारून २५-३० चेंडू मारा. पावडरीत उमटलेले चेंडूचे ठिपके मधोमध जमायला लागले तर पाऊण इंच कापू. विखुरलेलेच राहिले तर लांबी हे कारणच नाही, आणि शाफ्ट वाचला.

आता करायचं काय? दोन वाटा आहेत. एक, शाफ्टच्या वरच्या तोंडात अर्ध्या इंचाचा एक्स्टेन्शन प्लग इपॉक्सीने बसवून क्लब परत साडेछत्तीसवर न्यायचा आणि साधी ग्रिप घालायची. लाय आपोआप जागेवर येईल, आमची पट्टी हेडवर असेल तर वजनही जवळपास जमेल. प्लगचं वजन हाताकडे पडतं, त्याने एखादा पॉइंट कमी आला तर अर्धी पट्टी वाढवू. दुसरी, लांबी ३६ च ठेवून लाय एक अंश उभी करायची आणि हेडला ८-१० ग्रॅम लावायचे. आमचं मत पहिल्या वाटेचं. दुसऱ्या वाटेने तुम्हाला उगाच जास्त वाकावं लागेल, आणि अठरा होल संपेपर्यंत कंबर बोलायला लागेल. तुमची हेड ओतीव स्टीलची आहेत. ती एकदा वाकवली आहेत, पुन्हा पुन्हा वाकवलेली त्यांना चालत नाहीत.

पाच नंबरपासून सँड वेजपर्यंत सातही क्लब घेऊन या. मजुरी नाही; ग्रिप नव्या घ्यायच्या ठरल्या तर फक्त त्यांची किंमत, आधी सांगून. इपॉक्सी पक्की व्हायला एक पूर्ण दिवस द्यावा लागतो, थंडीत दीड, त्यामुळे पुण्याला खेळायला जायच्या आदल्या संध्याकाळी आणू नका. येताना खेळायचे बूट घालून या. मागच्या वेळी तुम्ही चपलेवर आला होतात आणि आम्ही बुटांची टाच अंदाजाने धरली होती. ते माप परत घ्यायचंय. पाव इंचाचा फरक निघाला तर प्लग तेवढ्या लांबीचा कापू.